आपल्या मापाचं धनुष्य

(बारामती-इंदापूर भागातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस धनुष्यावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण अ‍ॅरिस्टॉटलपासून मुंडकोपनिषदापर्यंत विचार करणाऱ्या माणसांना धनुष्याचा दृष्टान्त सारखा हाताशी लागला आहे. त्याचं कारण असं, की धनुष्य हे माणसाच्या अंगाशी जुळवून घ्यावं लागणारं साधन आहे. कुऱ्हाड कुणाच्याही हातात कुऱ्हाडच असते. धनुष्याचं तसं नाही. तेच धनुष्य दोन माणसांच्या हातात दोन वेगळी धनुष्यं होतात. म्हणून आजचा प्रश्न असा: साधं लाकडी किंवा बांबूचं लांब धनुष्य, ज्याला लाँगबो म्हणतात, ते आपल्याला जुळेल असं कसं निवडायचं?

हा प्रश्न आपल्या भागात नुसता हौसेचा राहिलेला नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला गेलेले प्रवीण जाधव इथून जवळच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे. 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झालेली अदिती स्वामी सातारा जिल्ह्यातली. अशी नावं कानावर आली की गावागावांतली मुलं धनुष्य मागतात. रिकर्व्ह किंवा कंपाउंडचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो, तेव्हा सुरुवात साहजिकच बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्यानं होते. आणि नेमकी इथेच गफलत होते.

वाढत्या अंगाचं

आपल्याकडे मुलाला शर्ट घेताना एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘वाढत्या अंगाचा द्या.’ दोन वर्षं चालला पाहिजे. शर्टाच्या बाबतीत हे शहाणपण आहे, बाह्या दुमडता येतात. धनुष्याच्या बाह्या दुमडता येत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला 40 पाउंडांचं धनुष्य ‘पुढे कामाला येईल’ म्हणून घेतलं, की ते मूल पाठीच्या स्नायूंनी ओढायच्या ऐवजी खांदा वर उचलून, कंबर वाकडी करून, झटका देऊन ओढायला शिकतं. ही चुकीची ओढ अंगात मुरते. खांदा दुखतो तो वेगळाच. सहा महिन्यांनी धनुष्य खुंटीला लागतं आणि घरात म्हणतात, ‘याला जमलं नाही.’ मुलाला जमलं नाही असं नसतं, धनुष्य चुकलेलं असतं.

त्यात आपली भाषाही भर घालते. मोठी जबाबदारी घेतली की आपण ‘शिवधनुष्य पेललं’ म्हणतो. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी, ज्यांनी 108 रामायणं रचली असं सांगतात. त्यामुळे जड धनुष्य उचलणारा तो वीर, हे चित्र आपल्या मनात पक्कं आहे. पण धनुर्विद्येचे जुने ग्रंथ काय सांगतात? वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात सरळ म्हटलं आहे, की आपल्या बाहुबळापेक्षा किंचित कमी ताकदीचं धनुष्य चांगलं. सरावाचं धनुष्य आधी, युद्धाचं नंतर. धनुष्याशीच झगडणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही, हे त्यामागचं कारण. काव्यातला वीर जड धनुष्य उचलतो, शास्त्रातला गुरू हलकं हातात देतो. शिकणाऱ्यानं शास्त्राचं ऐकावं.

मापं कशी घ्यायची

पहिलं माप ओढीच्या लांबीचं. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचनं भागा. 65 इंच भरले, तर ओढ 26 इंच. हा अंदाज आहे. खरी ओढ हलक्या धनुष्यावर, बाणावर खुणा करून बघावी.

दुसरं माप धनुष्याच्या लांबीचं. लाकूड वाकतं, पण त्याला सीमा असते. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. ढोबळ नियम असा, की 26 इंचांपर्यंत ओढ असेल तर 64 ते 66 इंचांचं धनुष्य, 27-28 इंचांना साधारण 68, त्याहून जास्त ओढ असेल तर 70 ते 72. म्हणजे जवळजवळ आपल्या उंचीएवढं किंवा थोडं अधिक. गंमत म्हणजे आपल्याकडे ‘धनु’ हे लांबीचंच एक माप होतं: चार हात, म्हणजे 96 अंगुळं. पाऊण इंचाचं अंगुळ धरलं तर 72 इंच. लांब धनुष्य जरा संथ असतं, पण चूक पोटात घालतं. नवशिक्यानं लांबीकडे झुकावं.

तिसरं माप वजनाचं, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. धनुष्यावर ‘40 @ 28’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धनुष्य 40 पाउंड वजनाचं आहे असा नाही. दोरी 28 इंचांपर्यंत ओढली की हाताला 40 पाउंड, म्हणजे सुमारे 18 किलोंचा जोर लागतो, असा आहे. तुमची ओढ 26 असेल तर इंचामागे दोन-अडीच पाउंड कमी धरा, म्हणजे ते तुमच्या हातात साधारण 35 पाउंडांचं झालं. उलट 30 इंच ओढणाऱ्याच्या हातात ते 45 च्या आसपास जाईल, आणि लाकूड तेवढं सोसेल याची खात्री नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, तेच धनुष्य दोघांच्या हातात दोन धनुष्यं होतात.

मग किती घ्यावं? धडधाकट मोठ्या माणसानं 25 ते 30 पाउंडांपासून सुरुवात करावी. बायकांनी आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी 18 ते 25. त्याहून लहानांनी 12 ते 18. नेहमीची तालीम असणाऱ्या पैलवानांनाही मी हेच सांगेन, कारण धनुष्य ओढणारे पाठीचे बारीक स्नायू कुस्तीत वेगळ्या पद्धतीनं वापरले जातात.

एक साधी परीक्षा सांगतो. धनुष्य पूर्ण ओढा, हात हनुवटीपाशी नेहमीच्या जागी आणा आणि मनात दहा आकडे मोजा. मग बाण न सोडता दोरी सावकाश परत न्या. हात थरथरला, श्वास कोंडला किंवा दोरी हातातून निसटल्यासारखी झाली, तर ते धनुष्य तुमचं नाही. आणि एक हिशेब करा. सरावाला 72 बाण मारले, 30 पाउंडांचं म्हणजे साडेतेरा किलोंचं धनुष्य, तर एका सत्रात तुम्ही जवळपास एक टन ओढला. इथे सगळ्यांना टनाचा हिशेब कळतो. एक टन ऊस एका मोळीत कुणी उचलत नाही.

लाकूड आणि घडण

ओढलेल्या धनुष्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, त्याला पाठ म्हणू. आपल्याकडची बाजू दाबली जाते, ते पोट. चांगल्या लाकडाला दोन्ही सोसावं लागतं. इंग्लंडमध्ये यू झाडाचं लाकूड गाजलं, कारण त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब. 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज अशा शंभराहून अधिक धनुष्यांसह सापडलं. त्यांची ओढ 100 पाउंडांच्या वर असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती धनुष्यं लहानपणापासून वर्षानुवर्षं सराव केलेल्या सैनिकांची होती, हे विसरू नये.

आपल्याकडे यू नाही, पण उणीवही नाही. कौटिल्यानं आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार तऱ्हांची धनुष्यं सांगितली आहेत, आणि दोऱ्यांसाठी रुई, ताग असे धागे. रुई तर इंदापूरच्या कुठल्याही बांधावर उभी आहे. सह्याद्रीतलं धामणीचं लाकूड चिवट आणि लवचीक म्हणून प्रसिद्ध आहे. आणि सगळ्यांत हाताशी असलेला तो बांबू, आदिवासींच्या तीरकमठ्याचा. त्याची बाहेरची साल ताण सोसण्यात पटाईत असते, म्हणून पट्ट्या चिकटवून केलेल्या धनुष्यात ती पाठीवर ठेवतात.

विकत घेताना चार गोष्टी बघा. एक, पाठीवरचे रेषे टोकापर्यंत सलग आहेत का. मध्येच तुटून कडेला निघाले असतील तर चीर तिथूनच सुरू होते. दोन, पोटावर नखाएवढ्या आडव्या सुरकुत्या आहेत का. असतील तर लाकूड दाबाखाली हरलं आहे. तीन, दोरी चढवून लांबून बघा: वरचा आणि खालचा भाग सारखाच गोलाईनं वाकतो का, की एखाद्या जागी बिजागरीसारखा मोडतो? चार, दोरी मुठीच्या मधोमध पडते का? यातली एक जरी खोट दिसली, तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. मोडलेल्या धनुष्याचा तुकडा डोळ्यापाशीच असतो.

मूठ आवळून अंगठा ताठ उभा केला की जेवढं अंतर होतं, साधारण सहा-सात इंच, तेवढं अंतर मूठ आणि चढवलेली दोरी यांत असावं. दोरी डॅक्रॉनची घ्यावी. ती किंचित ताणली जाते, म्हणून लाकडाला धक्का कमी बसतो.

बाणाचाही विचार धनुष्याबरोबरच करायचा. सुटताना बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, माशासारखा लवत पुढे जातो. त्याची लवचीकता धनुष्याच्या जोराशी जुळली नाही तर उजव्या हाताच्या तिरंदाजाचा ताठ बाण डावीकडे जातो, फार लवणारा उजवीकडे. वजन पाउंडामागे दहा ग्रेनच्या आसपास ठेवावं: 30 पाउंडांना 300 ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. फार हलका बाण लाकडी धनुष्याला जवळजवळ रिकाम्या दोरीसारखा धक्का देतो.

माप आणि पात्रता

आता माझ्या विषयाकडे येतो. अ‍ॅरिस्टॉटल नीतिशास्त्रात मध्यम मार्ग सांगताना मायलो नावाच्या पैलवानाचं उदाहरण देतो. दहा माप अन्न फार आणि दोन फार थोडं, म्हणून सगळ्यांना सहा द्यावं असं होत नाही. मायलोला सहा कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. योग्य ते आकड्यांच्या मधलं नव्हे, योग्य ते त्या माणसासाठी योग्य. धनुष्याच्या दुकानात हा परिच्छेद फळ्यावर लावावा असा आहे.

आपल्या परंपरेत याला जवळचा शब्द आहे अधिकारभेद: ज्याची जशी तयारी, तसं साधन. हा शब्द मी जपून वापरतो. कारण ‘तुझा अधिकार नाही’ असं म्हणून आपण शतकानुशतकं अनेकांना दाराबाहेर उभं केलं. एकलव्याची गोष्ट इथे आठवलीच पाहिजे. त्याचं धनुष्य त्याला जुळत होतं, त्याचा हातही तयार होता. अंगठा मागितला गेला, कारण त्यानं कुणाच्या बरोबरीनं उभं राहायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं. तेव्हा फरक लक्षात घ्या. माप घेणं म्हणजे पात्रता ठरवणं नव्हे. माप शरीराचं असतं, आजचं असतं, आणि ते बदलतं. 20 पाउंडांचं धनुष्य देणारा शिक्षक ‘तू एवढाच’ म्हणत नसतो; ‘आज इथून सुरू कर’ म्हणत असतो. मुलींना वर्षानुवर्षं हलकंच धनुष्य देत राहणारा मात्र माप घेत नाही, तो पात्रता ठरवतो. माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, सगळ्यांचं.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: सर, लाकडी धनुष्यावर खेळून स्पर्धेत पुढे जाता येतं का?*

भारतीय तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत इंडियन राउंड हा बांबूच्या धनुष्याचा प्रकार असतो. जागतिक पातळीवर फील्ड आणि थ्री-डी प्रकारांत लाँगबो असतो, तिथे बाण लाकडीच लागतात. ऑलिंपिकसाठी मात्र रिकर्व्ह किंवा कंपाउंडकडे वळावं लागतं. पण लाकडी धनुष्यावर कमावलेली पाठ आणि शांत हात कुठेच वाया जात नाही. दीपिका कुमारींची सुरुवातही बांबूच्याच धनुष्यावर झाली होती.

*प्रश्न: मी उजव्या हातानं लिहितो, तर उजव्याच हातानं ओढायचं?*

आधी डोळा बघा. अंगठा लांब धरून दूरचा विजेचा खांब झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटा. ज्या एकट्या डोळ्याला खांब झाकलेलाच दिसतो, तो तुमचा मुख्य डोळा. त्या बाजूच्या हातानं ओढणं सुरुवातीला सोपं जातं.

*प्रश्न: आमच्याकडे उन्हाळा कडक. धनुष्य टिकतं का?*

टिकतं. काम झालं की दोरी उतरवा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका, भिंतीला तिरकं टेकवू नका, आडवं ठेवा. अधूनमधून तेलाचा हात द्या. आणि रिकामी दोरी कधीही सोडू नका, बघायला आलेल्या पाहुण्यालाही सोडू देऊ नका.

*प्रश्न: शेतात सराव केला तर चालेल?*

चालेल, पण लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा. उसाचा फड हा आडोसा नव्हे. आत कुणीतरी दारं धरत असतं आणि ते तुम्हाला दिसत नसतं. आणि प्राण्या-पक्ष्यांवर नेम धरायचा नाही. सुप्याची चिंकारा आणि भिगवणचे रोहित पक्षी बघण्यासाठी आहेत, आणि शिकार कायद्यानं 1972 पासून गुन्हा आहे. गव्हाच्या काडाचा घट्ट बांधलेला गठ्ठा घ्या, त्यावर कागद लावा, पहिला महिना दहा पावलांवरूनच मारा. अंतर वाढवायची घाई करू नका.