वाडा गेला, बाग उभी राहिली

आज आपण जरा लांब जाणार आहोत, थेट इंग्लंडला. लंडनच्या आग्नेयेला केंट नावाचा प्रांत आहे. तिथल्या सिसिंगहर्स्ट गावाजवळची बाग पाहायला जगभरातून लोक तिकीट काढून येतात. आपण रेडिओवरूनच तिथं फेरफटका मारू. पण आत शिरण्याआधी ही बाग कुणी केली आणि का, ते ऐकू या.

व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका १८९२ साली केंटमधल्याच नोल नावाच्या प्रचंड मोठ्या वाड्यात जन्मली. आईवडिलांना ती एकच लेक. त्या वाड्यावर तिचा फार जीव. १९२८ साली वडील वारले, आणि वाडा गेला काकांकडे. कारण घराण्याची रीतच तशी होती. वारस पुरुषच हवा. व्हिटा मुलगी होती, एवढंच.

दोन वर्षांनी, १९३० मध्ये, तिनं आणि तिचे पती हॅरोल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्टची पडकी वास्तू विकत घेतली. एके काळी तिथंही वाडा होता. पुढं त्यात युद्धकैदी ठेवले गेले, नंतर गावातले निराधार. व्हिटानं घेतलं तेव्हा विटांचा उंच मनोरा, मोडक्या भिंती आणि कचऱ्याचे ढीग असं सगळं होतं. तो कचरा हलवायलाच काही वर्षं गेली.

चला, आता आत. मनोऱ्यावर चढून खाली पाहिलं की बागेची युक्ती कळते. ही एक सलग बाग नाही, घरासारख्या तिच्या खोल्या आहेत. जुन्या विटांच्या आणि छाटलेल्या दाट हिरव्या कुंपणांच्या भिंती. आखणी हॅरोल्डची, लागवड मुख्यतः व्हिटाची. एका खोलीत वसंतातली कंदांची फुलं, एकीत गुलाब, एकीत वासाच्या आणि औषधी वनस्पती. एकीत फक्त पांढरी फुलं आणि रुपेरी पानं. संध्याकाळच्या अंधूक उजेडातही ती उठून दिसतात. भिंतींमुळे वारा अडतो. शिवाय एका खोलीचा बहर सरला की दुसरीचा सुरू होतो.

इथले गुलाब जरूर पाहा. लांब फांद्या सरळ वाढू न देता कमानीसारख्या वाकवून, जमिनीत रोवलेल्या लवचीक काठ्यांना बांधतात. फांदी सरळ असली तर जोर शेंड्याला जातो आणि फुलंही शेंड्यालाच येतात. वाकवली की फांदीभरच्या डोळ्यांना धुमारे फुटतात आणि सगळी फांदी फुलते. तुमच्या अंगणात लांब फांद्यांचा गुलाब असेल तर करून पाहा. मात्र फांदी हळूहळू वाकवा, एकदम ओढली तर मोडेल.

१९३८ मध्ये ही बाग लोकांसाठी उघडली. प्रवेश एक शिलिंग. व्हिटा या पाहुण्यांना गमतीनं ‘शिलिंगवाले’ म्हणायची. त्यांच्याशी झाडांविषयी बोलायला तिला आवडायचं. पुढं कितीतरी वर्षं तिनं वर्तमानपत्रात बागकामाचं सदरही लिहिलं.

व्हिटा काही गरीब नव्हती, हेही सांगायला हवं. तिच्याकडे पैसा होता, हाताखाली माळी होते. आणि एवढी मोठी बाग एकटीच्या हातानं राहत नाही. १९५९ मध्ये पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइत्सबर्गर या दोघी इथं मुख्य माळी म्हणून आल्या. मुलींना बागकाम शिकवणाऱ्या वॉटरपेरीच्या शाळेत त्या शिकल्या होत्या. १९६२ मध्ये व्हिटा गेली. १९६७ मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. या दोघी मात्र १९९० पर्यंत तिथंच होत्या. आज आपण जी बाग पाहतो, तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे. छाटणी, रोपं, खत हे आपण परसात रोज करतोच. आपल्याकडे त्याला ‘घरचं काम’ म्हणतात. तिथं या दोघींना त्याच कामाचा पगार होता आणि हुद्दाही होता.

आता पुन्हा व्हिटाच्या वाड्याकडे येऊ. तिला हक्क सांगायला कायदाच नव्हता. आपल्याकडे तो आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये बदल केला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. तरीही भावाचं मन राखायला, माहेर तुटू नये म्हणून, किती जणी हक्कसोड पत्रावर सही करतात! सही करायची की नाही, हे जिनं तिनं ठरवावं. पण कागद वाचून, समजून घेऊन ठरवावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारू या: सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का? आणि येताना गुलाबाची एकेक काडी घेऊन या. वाटून लावू.