गुंतवळ वाढलं तर



विंचरून झालं की फणीत अडकलेलं गुंतवळ आपण बोटाला गुंडाळतो आणि भिंतीच्या फटीत नाहीतर पिशवीत खोचून ठेवतो. केसांवर भांडी देणारी बाई आली की त्याची एखादी वाटी पदरात पडते. पिशवी भरायला एरवी वर्ष जातं. तीच दोन महिन्यांत भरली, तर वाटी मिळूनही पोटात गोळा येतो.

आमच्या गटातली एक मैत्रीण सलग तीन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे मात्र मुलीच्या हाती वेळेवर यायचे. मग तिने अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला, तीन हजार रुपये, कारण लिहिलं होतं 'औषधपाणी'. कर्ज द्यायचं तर चौकशी करावीच लागते, म्हणून आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. घरातही तिच्या डोक्यावर पदर गच्च होता. न्हायला बसलं की मोरीची जाळी केसांनी तुंबते, म्हणाली. बाजारातल्या एका विक्रेत्याकडून तेलाच्या दोन बाटल्या घेऊन झाल्या होत्या आणि पुढच्या 'कोर्स'साठी तिला कर्ज हवं होतं. बोलता बोलता कळलं की श्रावणात तिला डेंग्यूचा ताप आला होता, आठ दिवस अंथरुणाला खिळून होती. केस गळायला लागले ते दिवाळीच्या आसपास. ताप आणि केस यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण मधे इतके दिवस गेले होते.

इथेच बहुतेक जणी फसतात, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. शेतातलं पीक एकदम पेरतो आणि एकदम कापतो, तसं केसांचं नसतं. प्रत्येक केसाचा हंगाम वेगळा. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढत असतात, उरलेले विश्रांतीला गेलेले असतात. विश्रांती संपली की तो केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे निरोगी बाईचंही होतं. पण शरीरावर मोठा घाला आला, म्हणजे जोराचा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, मोठा रक्तस्राव, उपासमार किंवा घरातला मृत्यू, की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात, तेही एकदम. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात. बाळाचा त्यात काही दोष नाही, पण हिशेब त्यांचा बरोबर आहे, तीन महिन्यांचा.

त्यामुळे केस गळायला लागले की 'परवा काय लावलं?' हे विचारण्याआधी 'तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?' हे विचारा. अशी गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. मुळं जिवंत असतात. या काळात विकत घेतलेलं कुठलंही तेल 'लागू पडलं' असंच वाटतं, आणि तेलवाल्यांचा धंदा त्यावरच चालतो.

गळती सहा महिन्यांनंतरही चालूच राहिली, तर मात्र आत बघावं लागतं. पहिला संशय रक्ताचा. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते तपासतात आणि लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गोळीवर चहा पिऊ नका, गोळी वाया जाते. लिंबूपाणी चालतं. शौचाला काळं होतं म्हणून पुष्कळ जणी गोळ्या सोडून देतात, ते गोळीमुळेच होतं, घाबरू नका. दुसरा संशय थायरॉईडचा. केसांबरोबर थकवा, वाढणारं वजन, पाळीत बिघाड आणि इतरांना उकडत असताना आपल्याला थंडी, असं असेल तर डॉक्टरांना थायरॉईडबद्दल आपणहून विचारा. हंड्याखाली आणि भाऱ्याखाली टाळूवरचे केस घासून विरळ होतात, त्याला औषध म्हणजे जाड मऊ चुंबळ. शक्य असेल तिथे ओझं डोक्यावरून उतरवलेलंच बरं.

केस सगळीकडून न जाता रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. आपल्याकडे म्हणतात, किडा केस खातो. किडा नसतो. शरीराची स्वतःची राखणदार शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. चाई एकमेकींच्या फणीने पसरत नाही. पुष्कळदा ती आपोआप भरून येते, नाही आली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे उपचार आहेत. लसूण किंवा कांदा घासून कातडी भाजून घेऊ नका. लहान मुलाच्या डोक्यात खवले असलेला, तुटक्या केसांचा, खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा. तो मात्र पसरतो, आणि नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात.

आता एका वेगळ्याच गळतीबद्दल. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक जायला लागले. आधी खाज, मग केस हातात, आणि दोन-तीन दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, पोरंसोरं, सगळ्यांचं तेच. आधी संशय पाण्यावर गेला. पाण्याचे नमुने घेतले गेले, दिल्लीहून तज्ज्ञ आले. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीही जाऊन तपास केला. रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस यांत सेलेनियम नावाचं द्रव्य फार वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं तर केस आणि नखं जातात. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे, आणि जमिनीतलं पिकात उतरतं. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात असंच होऊन गावंच्या गावं टकली झाली होती. शेगावकडच्या पुष्कळ जणांचे केस पुढे परत यायला लागले.

पण मधल्या काळात काय झालं? तिथल्या सोयरिकी अडल्याच्या, लोक त्या गावांना टाळू लागल्याच्या बातम्या आल्या. धान्यातून आलेल्या गोष्टीला लोकांनी साथ समजलं. पुरुषाचं टक्कल गावाला चालतं, बाईचं चालत नाही. 'बोडकी' ही आपल्याकडे आजही शिवी आहे, कारण विधवेचे केस भादरायची चाल होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी हे काम करायला नकार दिला होता. चाल गेली, शिवी राहिली. आमची मैत्रीण तीन बैठका का चुकवते, याचं उत्तर बरंचसं त्या शिवीत आहे.

शेगावहून गटांनी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एकीचे केस गेले तर कारण तिच्या अंगात शोधायचं. एकाच आठवड्यात पाच घरांतल्या माणसांचे गेले तर कारण पाण्यात, धान्यात, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वस्तूत शोधायचं. आपल्याकडे रजिस्टर आहे, लिहिणारी सचिव आहे. कुणाला कधी सुरू झालं, पाणी कुठलं, धान्य कुठलं आणि कधी उचललं, हे लिहून आशाताईंकरवी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. त्या पोत्यातलं किलोभर धान्य स्वच्छ पिशवीत घालून, तारीख लिहून बाजूला ठेवा. आणि काही घडलं नसताना नुसत्या अफवेवर रेशनचा गहू फेकू नका, चार तोंडांचा प्रश्न असतो.

जटेबद्दल दोन प्रश्न आले आहेत. आजारपणात किंवा बाळंतपणात महिना-महिना केस विंचरले गेले नाहीत, त्यात तेल, घाम आणि धूळ बसली, की केस एकमेकांत घट्ट विणले जातात. त्याला देवीचं बोलावणं मानलं की कुणी कात्री लावत नाही, आणि जट वाढत जाते, मान दुखते, आत उवा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरी येऊन, त्या बाईशी आणि घरच्यांशी बोलून, तिची तयारी झाल्यावरच जट काढतात. झोपेत कापून टाकू नका, ती बाई भीतीनेच आजारी पडेल.

त्या मैत्रिणीला आम्ही तेलासाठी कर्ज दिलं नाही. तिचं हिमोग्लोबिन तपासलं, नऊ निघालं. गोळ्या सुरू झाल्या, डाळ आणि अंडी ताटात आली. चौथ्या महिन्यात तिच्या कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे केस ताठ उभे राहिले, तेव्हा ती पुन्हा घाबरली, की आता केस तुटायला लागले. ते तुटलेले नव्हते, नवे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे ते वेणीत यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर ते असेच उभे राहणार, तेल चोपडून दाबले तरी.