हँडल फिरतं, वायर फिरत नाही

आपल्या सायकलचं हँडल गोल फिरवायला जा. अर्ध्या फेरीतच ब्रेकची वायर आडवी येते. मग बीएमएक्सवाले, म्हणजे छोट्या सायकलींवर कसरती करणारे, हवेत हँडल गरागरा फिरवतात आणि जमिनीवर टेकताच मागचा ब्रेकही दाबतात, ते कसं? या प्रश्नाने मला कित्येक दिवस पछाडलं होतं.

बीएमएक्सचा हा खेळ कॅलिफोर्नियातल्या पोरांनी घडवला. 1963 साली श्विन कंपनीची 20 इंची चाकांची, उंच हँडलची ‘स्टिंग-रे’ आली आणि मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींच्या, वेडाने पोरांनी ती मातीत उडवायला घेतली. 1970 मध्ये लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट या शाळकरी मुलाने मोकळ्या जागेवर चक्क शर्यती भरवल्या. सायकली बिचाऱ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. आरे तुटायचे, रिमा वाकायच्या. तेव्हा स्किप हेसने 1974 मध्ये आरेच काढून टाकले आणि साच्यात ओतलेलं ‘मोटोमॅग’ चाक आणलं.

पुढे बॉब हॅरोसारख्या खेळाडूंनी शर्यतीशिवायच्या कसरतींचा वेगळा खेळ उभा केला, आणि हँडल गोल फिरवताना वायरीचा पीळ नडू लागला. 1980च्या दशकात ब्रायन स्क्युराने त्यावर ‘जायरो’ काढला. काय डोकं आहे! हँडलच्या दांड्याभोवती, फ्रेमच्या तोंडाशी, दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये बेअरिंग. वरची कडी हँडलबरोबर फिरते, खालची फ्रेमबरोबर स्थिर राहते. ब्रेक दाबला की वरच्या वायरी वरची कडी उचलतात, तिच्याबरोबर खालचीही उचलली जाते आणि ती मागच्या ब्रेकची वायर ओढते. म्हणजे वरून फिरणं आणि ओढणं दोन्ही येतं, पण बेअरिंग फिरणं तिथंच जिरवतं आणि ओढ तेवढी खाली पाठवतं. हँडल दहा वेळा फिरवा, वायरीला एक पीळ पडत नाही. यात वीज नाही, स्प्रिंगांचं जंजाळ नाही. सायकलच्या दुकानात ती कड्यांची जोडी हातात घेऊन फिरवून पाहिली, तेव्हा खाली ठेववेना.

आज मात्र कित्येक खेळाडू ब्रेकच काढून टाकतात. थांबायचं झालं, की बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबतात, आपल्याकडची पोरं उतारावर चप्पल दाबतात तसा.