उतार चुकलेले आडनाव

आयर्लंडच्या वायव्येस लीट्रिम नावाची एक काउंटी आहे. १८४१ च्या जनगणनेत तिथे १,५५,२९७ माणसे होती. आज जेमतेम ३५ हजारांच्या आसपास आहेत. मधल्या काळात बटाट्याचा दुष्काळ आला आणि त्यानंतर स्थलांतराची लाट पिढ्यान्‌पिढ्या ओसरलीच नाही. बोस्टन किंवा मेलबर्नमध्ये वाढलेला पणतू आज मूळ गाव शोधायला निघतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एकच वस्तू असते, ती म्हणजे आडनाव. तेच आडनाव खोटे बोलत असेल तर?

उदाहरणच घ्यायचे तर ‘फोर्ड’चे घेऊ. इंग्रजीत फोर्ड म्हणजे नदीचा उतार, पायी पार करता येईल अशी उथळ जागा. नावावरून वाटते, हे घराणे इंग्लंडहून येऊन वसले असावे. तशी काही घराणी आहेतही. पण लीट्रिममधल्या अनेक फोर्डांच्या खाली एक दुर्मिळ गेलिक आडनाव गाडले गेले आहे : मॅक कॉनश्नाव्हा.

हे समजण्यासाठी आयरिश आडनावांची घडण पाहायला हवी. ती बहुतांशी गावावरून पडलेली नाहीत, पूर्वजावरून पडलेली आहेत. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. युरोपात वंशपरंपरेने चालणारी आडनावे फार लवकर रुजली ती इथे, इ. स. ९१६ च्या नोंदीतले ‘ओ क्लेरिग’ हे त्यांतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. मॅक कॉनश्नाव्हा म्हणजे ‘कू श्नाव्हा’ या पुरुषाचा मुलगा. ‘कू’ म्हणजे शिकारी कुत्रा आणि ‘स्नाव्ह’ म्हणजे पोहणे. पोहणारा शिकारी कुत्रा! आपल्याला हसू येईल. पण जुन्या आयर्लंडमध्ये ‘कू’ ही वीराची पदवी होती. पुराणकथांतला महावीर कू खुलिन याच्या नावात हाच शब्द आहे. मॅक कॉनश्नाव्हा हे मुंटर केनी या मुलुखाचे सरदार होते. लॉक अ‍ॅलन सरोवर आणि अरिग्ना नदी यांच्यामधला हा भाग. मध्ययुगीन इतिवृत्तांत त्यांचा उल्लेख येतो.

मग उतार आला कुठून? इंग्रजी अमलात नावे इंग्रजी कानांनी लिहिली जाऊ लागली. मॅक कॉनश्नाव्हाचे ‘किनॉ’ झाले. आयरिशमध्ये नदीच्या उताराला ‘आह’ म्हणतात. डब्लिनच्या आयरिश नावातही हा शब्द आहे. आडनावाचा शेवट या शब्दासारखा ऐकू आला आणि कुणीतरी त्याचे सरळ भाषांतर करून टाकले : फोर्ड. गॉलवेतल्या मॅक गिल्ला न नेव्ह, म्हणजे ‘संतांच्या सेवकाचा मुलगा’, या घराण्याचेही तसेच झाले. कॉर्कमधले आणखी एक वेगळेच घराणे फोर्ड बनले. तीन निरनिराळी कुळे अशी एका चुकीच्या नावाखाली येऊन उभी राहिली. एकमेकांशी रक्ताचे नाते नाही, पण त्यांचे आजचे वारस एकमेकांना भाऊबंद समजू शकतात.

ही गाठ सोडवायला कागद लागतात, आणि आयर्लंडमध्ये नेमके कागदच जळाले. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके त्यात गेली. १८६१ ते १८९१ ची पत्रके तर त्याआधीच सरकारने नष्ट केली होती. संपूर्ण स्वरूपात हाती उरलेल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या आहेत.

म्हणून संशोधक उलटा चालतो. आधी १९११ आणि १९०१ ची पत्रके. त्यांत आयरिश भाषा येते का, याचाही रकाना आहे. मग १८६४ पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मग चर्चची बाप्तिस्मा-पुस्तके, ज्यांत आईचे माहेरचे आडनावही असते. पुढे १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथची जमीनमोजणी. तीत प्रत्येक वाडीतल्या कुळाचे नाव आहे. एकाच नावाचे दोघे असतील तर बापाचे नाव किंवा टोपणनाव जोडलेले सापडते. त्याही मागे १८२० आणि १८३० च्या दशकांतल्या चर्च-कराच्या वह्या.

या प्रवासात नाव धरून चालणारा फसतो. जमीन धरून चालावे लागते. एकाच वाडीत, एकाच शेतावर एका वहीत ‘किनॉ’ आणि पुढच्या वहीत ‘फोर्ड’ दिसले, तर धागा जुळण्याची शक्यता मोठी. अशी दुहेरी नावे अपवादात्मक नव्हती. नोंदणी खात्यातले रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० मध्ये अशा पर्यायी आडनावांची यादीच प्रसिद्ध केली, कारण एकच कुटुंब कधी स्मिथ तर कधी मॅकगोवन लावत असल्याने कारकून हैराण होत. १९२३ मध्ये पॅट्रिक वुल्फ या धर्मगुरूंनी आयरिश रूपांचा मोठा कोश छापला. आता जनुकीय चाचणीचीही मदत होते. पुरुषाचे वाय गुणसूत्र आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे लीट्रिमचा फोर्ड आणि कॉर्कचा फोर्ड वेगळे ओळखता येतात. मात्र दत्तक गेलेला किंवा आईचे आडनाव लावणारा एखादा पूर्वज निघाला, की तोही हिशेब चुकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. सरदारकीचा तोरा मिरवण्यासाठी नक्कीच नव्हे. तो मुलूख केव्हाच गेला. पण भाषा हिरावली गेलेल्या माणसाला आपले नाव परक्या भाषेतल्या चुकीच्या अर्थाने मिळाले होते, एवढे तरी त्याच्या वारसाला कळावे. तो फोर्डच राहील, सहीसुद्धा तीच करील. फक्त लॉक अ‍ॅलनच्या काठी उभा राहिला, तर पाण्यात तो उतार शोधणार नाही.