पऱ्हाटी जाळू नये, कुजवावी

परभणी जिल्ह्यातील काळी जमीन रंगावरून कर्बसंपन्न वाटते. परंतु काळेपणा हे विपुल सेंद्रिय कर्बाचे लक्षण नव्हे. कपाशी हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशात आपले खोड व पाने घडविते. पऱ्हाटी जाळल्यास बहुतेक कर्ब तत्काळ हवेत परततो. कुजविल्यास त्याचा काही अंश जमिनीत राहून ओल टिकविण्यास साहाय्य करतो. हवेतील कर्बवायू पृथ्वीची उष्णता पांघरुणाप्रमाणे अडवितो. औद्योगिक युगापूर्वी दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे ते आता ४२० च्या वर गेले आहेत. म्हणून शेवटच्या वेचणीनंतर बोंडअळीग्रस्त बोंडे वेचून नष्ट करावीत, पऱ्हाटीचे बारीक तुकडे शेणकाल्यासह खड्ड्यात कुजवावेत आणि ते खत पेरणीपूर्वी शेतात मिसळावे.