लोखंड आधी, ॲल्युमिनियम मागाहून : असे का झाले?

नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी डोकावले तर दोन धातू हमखास दृष्टीस पडतात. अंगणात नांगराचा फाळ, विळा, खुरपे आणि कुऱ्हाड. चुलीपाशी ॲल्युमिनियमचे पातेले. दोन्ही इतके परिचित की त्यांच्या वयातील अंतर आपल्या ध्यानातही येत नाही. विदर्भाच्या भूमीत लोखंड वापरात येऊन जवळजवळ तीन हजार वर्षे झाली. ॲल्युमिनियम धातुरूपात माणसाच्या हाती प्रथम आले ते १८२५ मध्ये, म्हणजे अवघ्या दोनशे वर्षांपूर्वी.

हे अंतर पाहून कोणासही असे वाटेल, की लोखंड विपुल असावे आणि ॲल्युमिनियम दुर्मिळ. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाच्या मानाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे, तर लोह सुमारे ५ टक्के. कारंजा परिसरातील काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्यात आणि त्याच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत दोन्ही मूलद्रव्ये भरपूर आहेत. संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या पायाला चिकटलेल्या मातीतही ॲल्युमिनियम असतेच. मग ते इतकी शतके दडून कसे राहिले?

नायकुंडची भट्टी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विदर्भात ठिकठिकाणी मोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. ती प्राचीन लोकांची दफनस्थाने होत. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथे पुरातत्त्वज्ञांनी अशा स्थळांचे उत्खनन केले. महापाषाण संस्कृतीच्या या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांच्या तोंडातील लगामाच्या कड्या अशा वस्तू मिळाल्या.

त्यांतही नायकुंडचे महत्त्व विशेष आहे. पेंच नदीकाठच्या या गावी डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. तेथे लोखंड गाळण्याची भट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळ सापडला. तयार अवजारे बाहेरून आणता येतात. परंतु धातुमळ जेथे पडला तेथेच धातू गाळला गेला, यात शंका उरत नाही. लोखंड बनविण्याची विद्या विदर्भवासीयांना अवगत होती, याचा हा पुरावा होय.

प्राणवायूची मिठी

निसर्गात लोह सहसा सुटे नसते. ते प्राणवायूशी संयोग पावलेले असते. हा संयोग तोडणे म्हणजेच धातू गाळणे. भट्टीत लोहखनिज आणि लोणारी कोळसा यांचे थर रचून भात्याने हवा फुंकली, की कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. तो खनिजातील प्राणवायू आपल्याकडे ओढून घेतो व लोह मोकळे होते. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. जुन्या भट्टीला ते साधत नसे, पण त्याची गरजही नव्हती. १२०० अंशांच्या आसपास खनिजातील अशुद्ध भाग वितळून धातुमळाच्या रूपाने वाहून जाई. मागे राहिलेला लोखंडाचा सच्छिद्र गोळा लालबुंद असतानाच घणाने ठोकून उरलेला मळ पिळून काढीत आणि मग त्याची अवजारे घडवीत.

ॲल्युमिनियमचे प्राणवायूशी असलेले बंधन मात्र फार घट्ट. प्राणवायूचे प्रमाण सारखे धरले, तर हा संयोग तोडण्यास लोहाच्या तुलनेने सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. कोळशाने ते बंधन तोडायचे तर २००० अंशांहून अधिक उष्णता हवी. आणि तेवढी मिळाली, तरी मोकळे होणारे ॲल्युमिनियम कार्बनशीच संयोग पावू लागते. भात्याच्या बळावर हे होणे नव्हते.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. नायकुंडच्या कारागिरांनी भट्टी आणि नळ्या मातीच्याच केल्या होत्या आणि चिकणमातीत ॲल्युमिनियम असते. ज्या आगीत लोह खनिजातून सुटले, त्याच आगीत ॲल्युमिनियम भिंत होऊन उभे राहिले. त्याने प्राणवायू सोडला नाही, म्हणून तर भट्टी टिकली! पाणी निवळण्यासाठी आणि कापड रंगविण्यासाठी आपण पूर्वापार वापरीत आलो ती तुरटी हेही ॲल्युमिनियमचेच संयुग. धातू घरात होता. तो ओळखू येत नव्हता, एवढेच.

विजेने उघडलेले दार

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी १८२५ मध्ये रासायनिक क्रियेने अशुद्ध स्वरूपात हा धातू प्रथम वेगळा केला. पुढील साठ वर्षे तो मौल्यवान गणला गेला. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे एकच मार्ग शोधला. क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडली, तर सुमारे ९५० अंशांतच धातू तळाशी जमतो. जे काम आगीला जमले नाही, ते विजेने केले. डायनॅमो येईपर्यंत मोठ्या प्रमाणावर हे घडणे शक्यच नव्हते.

भारतात १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत आयात धातूपासून भांडी घडविण्यास आरंभ केला. धातूचे देशी उत्पादन १९४३ मध्ये केरळमधील आलुपुरम येथे जलविद्युतीच्या आधारे सुरू झाले.

आपल्यासाठी बोध

आपले पूर्वज अज्ञानी होते म्हणून त्यांना ॲल्युमिनियम मिळाले नाही, असा समज शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनातून काढून टाकावा. हाताशी असलेल्या कोळशातून आणि भात्यातून जे साधण्याजोगे होते, ते त्यांनी पूर्णत्वाने साधले. धातूचा इतिहास हा खनिजापेक्षाही ऊर्जेचा इतिहास आहे.

याच गोष्टीला आजची एक बाजू आहे. आधुनिक कारखान्यातही एक किलो ॲल्युमिनियमसाठी साधारण १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरल्यास मूळ उत्पादनाच्या केवळ ५ टक्के ऊर्जा पुरते, कारण प्राणवायूची मिठी एकदा सोडविलेली असते. फुटके पातेले वा तुटलेली तार उकिरड्यावर टाकणे म्हणजे ती वीज मातीत मिसळणे होय. ग्रामपंचायतींनी कचऱ्यातून हा धातू वेगळा काढून भंगार व्यावसायिकांकडे पोहोचविण्याची व्यवस्था केली, तर गावाला चार पैसे मिळतील आणि ऊर्जेचीही बचत होईल. नायकुंडच्या लोहाराने कोळशाचे मोल जाणले होते. आपण विजेचे जाणावे.