वाळूच्या समुद्रातला झेंडा

मुलाकडे सॅन डिएगोला गेले होते, तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी पहाटेच त्याने जाहीर केले, "आई, आज तुला समुद्र दाखवतो. पण पाण्याचा नव्हे, वाळूचा!" आठ वर्षांची नात तर आदल्या रात्रीपासूनच हेल्मेट घालून घरभर हिंडत होती. सूनबाईने दशम्या-चटणीचा डबा भरला, पाण्याचे कॅन गाडीत ठेवले आणि आम्ही पूर्वेकडे निघालो.

डोंगर उतरल्यावर इम्पीरियल व्हॅली लागली. मूळचे हे वाळवंटच, पण कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणल्यामुळे दोन्ही बाजूंना हिरवीगार शेते. ब्रॉली गाव मागे पडले, शेते संपली आणि थोड्याच वेळात समोर वाळूच्या टेकड्या उभ्या राहिल्या. हेच ते 'इम्पीरियल सँड ड्यून्स'. सुमारे ७२ कि.मी. लांबीचा हा पट्टा आहे आणि त्यातल्या काही टेकड्या ९० मीटर उंच आहेत. फार पूर्वी या भागात काहुइला नावाचे विशाल सरोवर होते. त्याच्या काठची वाळू वाऱ्याने इथे आणून टाकली, असे मानले जाते.

एके काळी ही वाळू म्हणजे मोटारींवरचे संकटच होते. १९१५ साली इथे चक्क लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला आणि १९२६पर्यंत गाड्या त्यावरून चालल्या. आज मात्र लोक याच वाळूत गाड्या घालण्यासाठी दूरदुरून येतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीत तर लाखाच्या वर माणसे इथे तंबू आणि घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन मुक्काम ठोकतात.

हात पोचेना!

आम्ही भाड्याने बग्गी घ्यायला गेलो. गाड्या देणाऱ्या माणसाने नातीला सीटवर बसवले, पाठ टेकवायला सांगितली, पट्टा आवळला आणि म्हणाला, "आता समोरची मूठ धर." नातीने हात ताणला. बोटे मुठीच्या अलीकडेच राहिली. ती हळूच पुढे सरकू लागली, तशी त्याने मान हलवली.

"मी अगदी हळू चालवीन," मुलगा म्हणाला. पण तो माणूस बधला नाही. पट्टा बांधलेला असताना ज्याला मूठ धरता येत नाही, त्याला अशा गाडीत बसवायचे नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. नातीचे डोळे भरून आले. खरे सांगते, मलाही त्या माणसाचा रागच आला. एवढ्या लांब आणलेल्या पोरीचा चार बोटांसाठी हिरमोड करायचा?

शेवटी मुलगा एकटाच गेला. आम्ही तिघी ऑसबोर्न ओव्हरलुक या उंचवट्यावर उभ्या राहिलो. तिथून पाहिले आणि माझा राग ओसरला.

वाऱ्याच्या बाजूने टेकडीचा चढ सौम्य असतो. दुसऱ्या बाजूला मात्र ती सुरीच्या पात्यासारखी तुटते आणि वाळू जेमतेम टिकेल इतका तीव्र उतार असतो. चढणाऱ्याला तो शेवटपर्यंत दिसत नाही. भरधाव जाऊन माथा ओलांडला, तर गाडी थेट हवेत! म्हणून जाणकार माथ्याजवळ वेग कमी करतात, पलीकडचे पाहतात आणि मगच उतरतात.

पलीकडून दुसरी गाडी येत असेल तर? त्यासाठी प्रत्येक गाडीला जमिनीपासून ८ फूट उंचीवर झेंडा लावावा लागतो. मुलाची गाडी टेकडीआड गेली, की फक्त त्याचा नारिंगी झेंडा दिसे. एकदा समोरून आणखी एक झेंडा माथ्याकडे चढत आला. सूनबाईने माझा हात घट्ट धरला. दोन्ही झेंडे थबकले आणि दोन बाजूंना वळले. त्या क्षणी गाडीत नात असती, तर?

रस्त्यापलीकडची शांतता

दुपारी आम्ही ७८ क्रमांकाच्या महामार्गाच्या उत्तरेला गेलो. १९९४च्या कायद्याने या बाजूचा भाग राखीव झाला, तिथे वाहनांना बंदी आहे. दक्षिणेकडेही सगळीच वाळू मोकळी नाही. पिअर्सन्स मिल्कव्हेच नावाचे जांभळ्या फुलांचे एक रोप अमेरिकेत फक्त याच टेकड्यांवर उगवते. १९९८मध्ये त्याची धोक्यातील वनस्पतींमध्ये नोंद झाली. त्यावरून निसर्गप्रेमी आणि गाडीवाले यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाले आणि काही भाग वाहनांसाठी बंद झाला.

इथे इंजिनांचा आवाज अगदी दूरवरून येत होता. नात वाळूवरच्या बारीक ठशांमागे वाकून चालू लागली. इतक्यात एक सरडा पळाला आणि बघता बघता वाळूत बुडी मारून नाहीसा झाला! सकाळपासून रुसलेली पोर खुदकन हसली.

तुम्ही गेलात तर

हिवाळ्यातच जा, उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो. ऑक्टोबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. मऊ वाळूत चाक रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करतात, तेव्हा परतताना हवा भरायला पंप हवाच. पाणी भरपूर न्या. बग्गीत बसणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा आहे. मुलांच्या हट्टाखातर यात सवलत मागू नका. आम्ही मागून पाहिली, ती मिळाली नाही हेच बरे झाले.

दोन वर्षांनी हिवाळ्यात नातीचा फोन आला. "आजी, हात पोचला! बाबांबरोबर जाऊन आले!"

मी एवढेच विचारले, "झेंडा लावला होता ना गं?"